मिशिगनचे दोन कौल : अमेरिकेतील गर्भपातविरोधी लोकशिक्षणाची पन्नास वर्षे

७ नोव्हेंबर १९७२ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या मतदारांना एका प्रश्नावर कौल द्यावयाचा होता. गर्भधारणेच्या पहिल्या वीस आठवड्यांत स्त्रीच्या मागणीवरून परवानाधारक डॉक्टराने केलेला गर्भपात कायदेशीर मानावा की नाही, असा तो प्रश्न होता. मतदानापूर्वीच्या जनमतचाचण्यांत लोकांचा कल प्रस्तावाच्या बाजूने दिसत होता. राज्याचे रिपब्लिकन राज्यपाल विल्यम मिलिकन यांचाही कायदा शिथिल करण्यास पाठिंबा होता. प्रत्यक्षात सुमारे ६१ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. पुढे पन्नास वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२२ रोजी, त्याच राज्यातील सुमारे ५७ टक्के मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत लिहून ठेवावा असा कौल दिला.

या दोन तारखांच्या दरम्यान गर्भपातविरोधी चळवळीने जेवढी व्याख्याने दिली, जेवढी पत्रके वाटली आणि जेवढे चित्रपट दाखविले, तेवढे क्वचितच एखाद्या चळवळीने केले असेल. पन्नास वर्षांच्या या लोकशिक्षणाच्या अखेरीस, पहिल्या लढाईत जिंकलेले राज्य तिने गमावले. हे असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लोकसंख्या बदलली, पिढी बदलली, दोन्ही बाजूंनी अमाप पैसा ओतला गेला, ही कारणे खरीच आहेत. परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही.

हा इतिहास आपल्याला सर्वस्वी परका नाही. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या आधारावर उभे होते. बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथे अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनऱ्यांनी काम केले. ज्या मंडळ्यांकडून आपल्या पूर्वजांनी शुभवर्तमान ऐकले, त्याच मंडळ्या मायदेशी या प्रश्नावर भिन्न बाजूंना उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी कोणालाही घाईने दूषण देण्यापूर्वी घटनाक्रम नीट पाहणे इष्ट होय.

डॉक्टरांनी घडविलेला कायदा

अमेरिकेतील गर्भपातबंदी मूलतः मंडळ्यांनी आणली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. इंग्रजी परंपरेतून आलेल्या रूढ कायद्यानुसार, गर्भाची हालचाल आईला जाणवण्यापूर्वी झालेला गर्भपात गुन्हा मानला जात नसे. १८२१ साली कनेक्टिकट राज्याने या विषयावर पहिला लिखित कायदा केला, तोही हालचाल जाणवल्यानंतर विष देऊन केलेल्या गर्भपातापुरता होता. मिशिगनचा पहिला कायदा १८४६ चा. खरी मोहीम सुरू झाली ती १८५७ साली, बॉस्टनचे तरुण डॉक्टर होरेशियो स्टोरर यांच्या पुढाकाराने. १८५९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने गर्भपाताचा निषेध करणारा ठराव संमत केला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक राज्यात बंदीचा कायदा झाला होता.

डॉक्टरांचा मुख्य युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. गर्भाची वाढ आरंभापासून अखंड होत असते. आईला हालचाल जाणवली, त्या क्षणी तो निर्जीवाचा सजीव होत नाही, असे ते म्हणत. मात्र त्यांच्या हेतूंत भेसळही होती. सुईणी आणि पदवी नसलेले वैद्य यांना व्यवसायातून दूर सारावयाचे होते. कॅथलिक स्थलांतरितांची कुटुंबे वाढत आहेत आणि जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांतील स्त्रिया मुले होऊ देत नाहीत, अशी भीतीही स्टोरर यांच्या लिखाणात उघडपणे दिसते. ज्या कायद्याच्या रक्षणासाठी पुढे प्रामुख्याने कॅथलिक लोकच उभे राहिले, त्याच्या उगमाशी कॅथलिकांविषयीचा हा आकस होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या कायद्याबाबत जनतेचे मत कोणी घडविले नव्हते. तो तज्ज्ञांनी विधिमंडळांकडून करून घेतला होता. त्यामुळे तज्ज्ञांचे मत बदलताच त्याचा पाया डळमळला.

आणि ते मत बदलले. १९५९ साली अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने आदर्श दंडसंहितेच्या मसुद्यात काही कारणांसाठी गर्भपातास मुभा सुचविली. १९६२ साली थॅलिडोमाइड या औषधामुळे गर्भात व्यंग येते हे जगापुढे आले. १९६४-६५ मध्ये जर्मन गोवराची साथ आली. बेकायदा गर्भपातानंतर मरणोन्मुख अवस्थेत आलेल्या स्त्रिया रुग्णालयांतील डॉक्टर वर्षानुवर्षे पाहत आले होते. १९६७ साली कोलोरॅडो राज्याने कायदा शिथिल केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकावर राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी सही केली. १८५९ साली निषेध करणाऱ्या मेडिकल असोसिएशननेही १९६७ मध्ये मर्यादित शिथिलीकरणास मान्यता दिली.

मंडळ्या कोठे होत्या?

या काळात मंडळ्यांची भूमिका आजच्या समजुतीशी जुळणारी नव्हती. मे १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथील बॅप्टिस्ट पाळक हॉवर्ड मूडी यांच्या पुढाकाराने एकवीस धर्मसेवकांनी एक सेवा सुरू केली. संकटात सापडलेल्या स्त्रीला सुरक्षित डॉक्टरापर्यंत पोहोचविणे हे तिचे काम होते. १९७१ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेच्या वारसदार मंडळीने, कायदेशीर निर्बंध उठवावेत असे म्हटले. १९७२ मध्ये युनायटेड मेथॉडिस्ट मंडळीने गर्भपात दंडसंहितेतून वगळण्यास पाठिंबा दिला. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शननेदेखील १९७१ च्या ठरावात बलात्कार, आप्तसंभोग, गर्भातील गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक, मानसिक वा भावनिक आरोग्यास संभवणारा धोका, इतक्या कारणांसाठी मुभा देणाऱ्या कायद्याकरिता आपल्या सभासदांनी प्रयत्न करावा असे सुचविले.

पवित्र शास्त्राच्या अर्थाबाबतही एकवाक्यता नव्हती. निर्गम २१:२२-२५ या उताऱ्यात, भांडणाच्या भरात गरोदर स्त्रीला धक्का लागल्यास काय दंड व्हावा, हे सांगितले आहे. १९६८ साली जुन्या कराराचे इव्हँजेलिकल अभ्यासक ब्रूस वॉल्टकी यांनी या उताऱ्यावरून असे मांडले की, नियमशास्त्र गर्भाला आईइतक्या पूर्ण व्यक्तीचे स्थान देत नाही. १९७६ मध्ये त्याच वॉल्टकींनी आपले मत जाहीरपणे बदलले. याच उताऱ्याच्या ग्रीक अनुवादाने, म्हणजे सेप्टुअजिंटने, आकार आलेला आणि आकार न आलेला गर्भ असा भेद केला आहे, आणि मध्ययुगीन धर्मपंडितांनी जीवात्म्याच्या प्रवेशाविषयी केलेल्या चर्चेमागे तोही एक धागा आहे. मात्र असा भेद मानणाऱ्यांनीही गर्भपात निर्दोष ठरविला नव्हता. दिदाखे या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात त्यास स्पष्ट मनाई आहे. सारांश, पापाविषयी परंपरा जुनी आणि बरीचशी एकसुरी होती. राज्याच्या दंडाविषयी मात्र ती तशी नव्हती. पुढील सर्व वादात हाच भेद वारंवार पुसला गेला.

दिवाणखान्यातील शिक्षण

संघटित विरोधाचा आरंभ कॅथलिक बिशपांच्या आधाराने झाला. १९६८ साली फादर जेम्स मॅकह्यू यांच्या देखरेखीखाली नॅशनल राइट टू लाइफ कमिटी स्थापन झाली. परंतु चळवळीत प्राण ओतला तो सामान्य विश्वासीयांनी, आणि त्यांतही स्त्रियांनी. सिनसिनाटीचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. जॉन विल्की आणि त्यांच्या पत्नी बार्बरा हे कॅथलिक दांपत्य त्यापूर्वी लैंगिक शिक्षणावर व्याख्याने देत असे. १९७१ साली त्यांनी गर्भपातावर प्रश्नोत्तररूपाने एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. सोबत स्लाइडचा संच असे. घराच्या दिवाणखान्यात किंवा चर्चच्या तळघरातील सभागृहात दहा-वीस शेजारी जमत. पडद्यावर चित्रे उमटत, आणि बोलणारी व्यक्ती बहुधा त्याच गल्लीतील एखादी गृहिणी असे.

या शिक्षणाची रीत समजून घेण्यासारखी आहे. विल्की दांपत्य धर्मशास्त्रापासून आरंभ करीत नसे. ‘हे मानवी जीवन आहे का?’ हा प्रश्न ते प्रथम जीवशास्त्राच्या आधारे विचारीत, आणि मगच ‘त्याला कायद्याचे संरक्षण हवे का?’ या प्रश्नाकडे वळत. त्यामुळे मिनेसोटातील मेथॉडिस्ट मार्जरी मेक्लेनबर्ग, मिशिगनमधील ख्रिश्चन रिफॉर्म्ड कुटुंबे आणि आयरिश वा पोलिश कॅथलिक हे सर्व एकाच खोलीत बसू शकले. १९७२ च्या मिशिगनमध्ये हेच घडले. लहानलहान सभा आणि दारोदार वाटलेली पत्रके यांनी काही आठवड्यांत जनमताचा कल फिरविला. त्याच दिवशी नॉर्थ डकोटामध्येही तशाच प्रस्तावाच्या विरोधात सुमारे ७७ टक्के मते पडली. चळवळीच्या हाती तेव्हा सत्ता नव्हती, तिच्याजवळ फक्त शेजाऱ्याला पटविण्याची उमेद होती.

तथापि याच शिक्षणात एक उणीव बीजरूपाने होती. १९६५ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकाने स्वीडिश छायाचित्रकार लेनार्ट निल्सन यांनी टिपलेली गर्भाची रंगीत छायाचित्रे छापली होती. अंधाऱ्या अवकाशात तरंगणारे ते इवले शरीर पाहून सारा देश थक्क झाला. वस्तुतः त्यांतील बहुतेक छायाचित्रे वैद्यकीय कारणांसाठी शरीराबाहेर काढलेल्या गर्भांची होती. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्या चित्रांत आई कोठेच नव्हती. जिच्या रक्तावर तो जीव पोसला जातो, ती चौकटीच्या बाहेर राहिली होती. चळवळीची पुढील दृश्य शिकवण या चौकटीतून फारशी बाहेर पडली नाही.

न्यायालय आणि राजकारण

२२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा निर्णय हा स्त्रीचा घटनात्मक हक्क ठरविला. अडीच महिन्यांपूर्वी मतपेटीतून जिंकलेला मिशिगनचा कायदा त्यामुळे निष्प्रभ झाला. चळवळीतील लोकांना बसलेला हा धक्का समजून घेतल्याशिवाय त्यांची पुढील कटुता उमगणार नाही. आपण लोकांना पटविले होते, आणि नऊ न्यायाधीशांनी ते पुसून टाकले, असे त्यांना वाटले.

त्याच वर्षी राइट टू लाइफ कमिटी बिशपांच्या परिषदेपासून स्वतंत्र झाली. १९७५ साली तिच्या अध्यक्षपदी आलेल्या डॉ. मिल्ड्रेड जेफरसन या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला आणि एका मेथॉडिस्ट पाळकाच्या कन्या होत्या. जानेवारी १९७४ मध्ये नेली ग्रे यांनी वॉशिंग्टन येथे पहिला ‘मार्च फॉर लाइफ’ काढला. १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गर्भपातासाठी संघराज्याचा पैसा देण्यावर कडक निर्बंध आले. परंतु घटनादुरुस्तीचा मुख्य प्रयत्न फसला. जून १९८३ मध्ये सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते हवी असताना बाजूने ४९ आणि विरुद्ध ५० मते पडली.

याच सुमारास इव्हँजेलिकल मंडळ्या चळवळीत उतरल्या. धर्मचिंतक फ्रान्सिस शेफर आणि बालशल्यविशारद डॉ. एव्हरेट कूप यांचा १९७९ चा चित्रपट आणि ग्रंथ मंडळ्यामंडळ्यांतून फिरला. १९८० मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी, आईचा जीव वाचविण्याचा अपवाद सोडून, संपूर्ण बंदीसाठी घटनादुरुस्तीची मागणी केली. २००३ साली त्यांनी आपल्या पूर्वीच्या ठरावांबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. मत बदलणे हा दोष नव्हे. परंतु या मतांतराबरोबर हा प्रश्न हळूहळू एका राजकीय पक्षाचे निशाण बनला. १९७२ च्या सभांतून शेजारी म्हणून बसणारे लोक आता प्रतिपक्ष म्हणून एकमेकांकडे पाहू लागले.

दाखविणे आणि सांगणे

लोकशिक्षणाची कसोटी सत्याने लागते. या कसोटीवर चळवळीचा इतिहास संमिश्र आहे. डॉ. बर्नार्ड नॅथन्सन हे पूर्वी गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचे एक संस्थापक होते. पुढे त्यांचे मन पालटले. १९८४ साली त्यांनी अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने बारा आठवड्यांच्या गर्भाच्या गर्भपाताचा एक चित्रपट सादर केला. त्याचा परिणाम विलक्षण झाला. परंतु अनेक डॉक्टरांनी आक्षेप घेतला की, त्या वयात वेदना जाणण्याइतका मेंदू विकसित झालेला नसतो, आणि गर्भाच्या हालचालीला किंकाळी म्हणणे हा निवेदकाचा अर्थ आहे, चित्रातील वस्तुस्थिती नव्हे.

याच्या उलट बाजूस डॉ. कूप यांचे उदाहरण आहे. ते देशाचे सर्जन जनरल असताना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना गर्भपाताचे स्त्रीच्या आरोग्यावर होणारे परिणाम अभ्यासावयास सांगितले. ते अनुकूल अहवाल देतील अशी सहकाऱ्यांची अपेक्षा होती. जानेवारी १९८९ मध्ये त्यांनी कळविले की, उपलब्ध अभ्यासांवरून कोणताही निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही. गर्भपाताविषयीचा त्यांचा नैतिक विरोध तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त, नीतीच्या समर्थनासाठी विज्ञानाच्या तोंडी नसलेले शब्द घालण्यास त्यांनी नकार दिला. स्वपक्षीयांचा रोष पत्करून सांगितलेले हे सत्य त्या चळवळीच्या सर्वांत चांगल्या पाठांपैकी एक आहे.

साहाय्य-केंद्रांबाबतही असेच दोन प्रवाह दिसतात. १९६८ साली कॅनडातील टोरोंटो येथे लुईझ समरहिल या गृहिणीने ‘बर्थराइट’ ही संस्था काढली. ती लवकरच अमेरिकेत पसरली. राजकारणात पडावयाचे नाही, धर्मप्रचार करावयाचा नाही, दारी आलेल्या स्त्रीला केवळ साहाय्य करावयाचे, हे तिचे धोरण. इतर काही केंद्रांवर मात्र असा आरोप झाला की, त्यांची नावे आणि जाहिराती दवाखान्यासारख्या असून तेथे येणाऱ्या स्त्रीची दिशाभूल होते. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये अशा केंद्रांवर सूचनाफलक लावण्याची सक्ती केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती भाषणस्वातंत्र्याच्या आधारे थांबविली. कायद्याच्या दृष्टीने वाद मिटला असेल. पण संकटात सापडलेल्या स्त्रीशी प्रथम खरे बोलावे की नाही, हा प्रश्न न्यायालयाचा नसून विवेकाचा आहे.

१९८८ च्या सुमारास दवाखान्यांची दारे अडविणारे सत्याग्रह सुरू झाले, आणि त्यांच्या कडेने हिंसाही आली. १९९३ मध्ये फ्लोरिडात एका डॉक्टराची हत्या झाली. मे २००९ मध्ये विचिटा येथे दुसऱ्या एका डॉक्टराला रविवारी, तो आपल्या लुथरन मंडळीत स्वागतकाचे काम करीत असताना, गोळी घालण्यात आली. बहुतेक संघटनांनी या कृत्यांचा निषेध केला. तरीही जीवनाच्या नावाने घेतलेल्या जीवाने त्या शिकवणीवर जो डाग पडला, तो निषेधाच्या पत्रकांनी धुऊन निघाला नाही.

या काळात एक वेगळा आवाजही उमटला होता. डिसेंबर १९८३ मध्ये शिकागोचे आर्चबिशप जोसेफ बर्नार्डिन यांनी फोर्डहॅम विद्यापीठात व्याख्यान देऊन गर्भपात, अण्वस्त्रे, देहान्ताची शिक्षा आणि गरिबांची उपेक्षा यांचा विचार एकाच नीतीने करावा असे मांडले. योहान १९:२३ मधील प्रभूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याची उपमा या विचाराला चिकटली. त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली. गर्भपाताचा प्रश्न यामुळे सौम्य होतो असे एक पक्ष म्हणे, तर दुसऱ्या पक्षाला तो प्रश्न यादीत असणेच नको होते. राजकारणाने तो अंगरखा फाडूनच वाटून घेतला.

पुन्हा मिशिगन

२४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्याच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ रद्द केला. एकोणपन्नास वर्षांची मागणी पूर्ण झाली. प्रश्न पुन्हा राज्यांकडे, म्हणजे लोकांकडे आला. तेव्हा दिसून आले की, लोक १९७२ च्या जागी राहिले नव्हते. ऑगस्टमध्ये कॅन्सससारख्या पारंपरिक वृत्तीच्या राज्यात सुमारे ५९ टक्के मतदारांनी गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेण्याचा प्रस्ताव फेटाळला. मिशिगनमध्ये १८४६ च्या बंदीची १९३१ साली पुन्हा संमत झालेली आवृत्ती अद्याप पुस्तकात होती. तीत अपवाद होता तो केवळ आईचा जीव वाचविण्याचा. न्यायालयांनी तिला स्थगिती दिली, नोव्हेंबरमध्ये मतदारांनी कौल दिला आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. २०२४ मध्ये दहा राज्यांत हक्काच्या बाजूचे प्रस्ताव मतदानास आले. सातांत ते संमत झाले. नेब्रास्का आणि साउथ डकोटा येथे फेटाळले गेले, तर फ्लोरिडात सुमारे ५७ टक्के मते मिळूनही आवश्यक ६० टक्के न मिळाल्याने पडले.

या दोन कौलांची तुलना करता एक गोष्ट लक्षात येते. १९७२ साली मिशिगनच्या मतदाराच्या डोळ्यांपुढे गर्भाचे चित्र होते. तोवर कोणी न दाखविलेले ते रूप त्याला शेजारणीने घरी येऊन दाखविले होते. २०२२ साली त्याच मतदाराच्या मुलीनातींपुढे रुग्णालयाच्या दारात उभी असलेली, उपचाराविषयी डॉक्टर कचरत असलेली स्त्री होती. दोन्ही वेळा लोकांनी, जो चेहरा झाकला गेला असे त्यांना वाटले, त्याच्या बाजूने मत दिले. पन्नास वर्षे चळवळीने एक चेहरा अविश्रांत दाखविला, आणि दुसरा चौकटीबाहेर ठेवला. न्यायालयाचा निकाल हाती आला तेव्हा पटविण्याचे काम बरेचसे मागे पडले होते, आणि नेमके तेच पुन्हा करावे लागणार होते.

बर्थराइटच्या कार्यकर्त्या, विल्की दांपत्याच्या सभा, डॉ. कूप यांचे पत्र ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे, आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. तेथे जे टिकाऊ काम झाले, ते समोरासमोर, सत्य बोलून आणि ओझे उचलून झाले.

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात डोंगराळ प्रदेशातील एका घरी दोन गर्भवती स्त्रिया भेटतात. उदरातील बालकाची हालचाल तेथे आपल्याला अलीशिबेच्या मुखातूनही कळते. आईला वगळून त्या बाळाविषयी एक शब्दही सांगितलेला नाही. आणि त्याच प्रसंगाच्या शेवटी एक साधी नोंद आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही : मरीया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली.